डिझेल की पेट्रोल : ऑफरोड गाडीचे इंजिन निवडतानाचा माझा अनुभव

गाडी कोणती घ्यायची हे ठरले होते. अडले होते ते इंजिनापाशी. तीच चासी, तोच गिअरबॉक्स आणि लो रेंज (अगदी संथ, पण जोरदार चालीचे जादा गिअर) असलेला तोच ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी, पण बॉनेटखाली एकात टर्बो (जादा हवा दाबून भरणारे) डिझेल आणि दुसऱ्यात विनाटर्बो पेट्रोल इंजिन. माहितीपत्रकात डिझेलचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३२० न्यूटन-मीटर होता आणि तो १६०० आरपीएमलाच मिळत होता; पेट्रोलचा २४० होता आणि त्यासाठी इंजिन ४००० पर्यंत फिरवावे लागत होते. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी हेच दोन आकडे दाखवून ऑफरोडला डिझेलच घ्या, असे सांगितले. सल्ला खोटा नव्हता, परंतु इंजिनाचा टॉर्क थेट चाकापर्यंत पोहोचत नाही, मध्ये गिअर असतात, आणि त्या गिअरांचा हिशोब कोणीच मांडून दाखवत नव्हते. म्हणून तो मीच मांडायला घेतला.

पहिला गिअर, लो रेंज आणि अ‍ॅक्सल यांची गुणोत्तरे एकमेकांशी गुणली की चाकाला इंजिनाच्या किती पट टॉर्क मिळतो ते कळते. डिझेल गाडीत हा गुणाकार सुमारे ३७ येत होता. पेट्रोल गाडीला कंपनीने आखूड (म्हणजे आकड्याने मोठे) अ‍ॅक्सल गुणोत्तर दिले असल्यामुळे तिथे तो सुमारे ४३ होता. घर्षणातली तूट बाजूला ठेवली, तर डिझेलच्या चाकांवर साधारण ११,८०० न्यूटन-मीटर येतात. पेट्रोल १५०० आरपीएमला, म्हणजे कमाल टॉर्कच्या बरेच अलीकडे, १९० न्यूटन-मीटर देत होते. त्याचेही ८,१०० च्या वर होतात. आता गरज किती, ते पाहू. दोन टनांची गाडी ३० अंशांच्या चढावर नुसती धरून ठेवायला, चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटर धरल्यास, सुमारे ३,६०० न्यूटन-मीटर पुरतात. शिवाय कोरड्या खडकावर टायरची पकड चांगली, म्हणजे घर्षणांक ०.८ धरला, तरी चारही चाके मिळून ५,८०० च्या आसपास टॉर्क जमिनीला देऊ शकतात, आणि चढावर त्याहूनही कमी. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरू लागतात. थोडक्यात, लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये दोन्ही इंजिने टायरच्या ताकदीपलीकडचा टॉर्क देत होती. चिखलात किंवा ओल्या गवतावर पकड निम्म्यावर येते, तेव्हा तर हा वाद आणखीच निरर्थक ठरतो. या आकडेमोडीनंतर ३२० विरुद्ध २४० ही तुलना माझ्यापुरती संपली.

उरला तो चालवताना येणारा फरक, आणि तो आहे. दोन्ही गाड्या मी एकाच दगडी चढावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सोडून पाहिल्या. डिझेलचे पुढचे चाक उंच दगडाला टेकले तेव्हा आवाज जड झाला, आरपीएमचा काटा किंचित खाली आला आणि गाडी त्याच संथ वेगाने दगडावर चढली. पेट्रोलचा काटा त्याच जागी अधिक खाली गेला, क्षणभर इंजिन बंद पडते की काय असे वाटले, मग संगणकाने थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडला आणि गाडी हलका झटका देऊन वर गेली. चढ दोघींनीही पार केला. डिझेल नवख्या पायाला सांभाळून घेते, पेट्रोलमध्ये पाय शिकावा लागतो. मोकळ्या वाळूत मात्र उलटे झाले, कारण तिथे चाकांचा वेग टिकवावा लागतो. हलक्या नाकाचे आणि वरच्या आरपीएमलाही दम न सोडणारे पेट्रोल इंजिन मला अधिक आवडले.

उतारावर डिझेलचे इंजिन गाडी जास्त धरते, असेही सांगितले जाते. डिझेलमध्ये हवा जास्त दाबली जाते हे खरे आहे, पण दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते आणि बरीचशी ऊर्जा परत करते. पेट्रोल इंजिनात बंद थ्रॉटलमुळे आत निर्वात तयार होतो आणि त्याच्याविरुद्ध पिस्टन ओढण्यात गाडीचा वेग खर्ची पडतो. दोन्ही गाड्या उतरवताना मला फरक जाणवला तो मुख्यतः गिअर गुणोत्तराचा.

इंधनाच्या बाबतीत डिझेलची बाजू खरोखरच भक्कम आहे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १२ ते १३ टक्के ऊर्जा जास्त असते, आणि संथ चालीत दोघांतला फरक त्याहून वाढतो, कारण पेट्रोल इंजिन अर्धवट उघड्या थ्रॉटलवर हवा ओढण्यातच इंधन जाळत राहते. महामार्गावरचे अ‍ॅव्हरेज पाहून खडकाळ वाटेवरचा पल्ला ठरवणे म्हणूनच धोक्याचे. सलग दूरवर जायचे असेल, मध्ये पंप नसेल किंवा मागे ट्रेलर असेल, तर मी दुसरा विचार न करता डिझेल घेईन.

माझा वापर मात्र तसा नव्हता. गाडी बहुतेक दिवस जवळच्या जवळ फिरणार होती आणि अधूनमधून आडवाटेला जाणार होती. आजच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला त्यात ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते आणि ते टिकायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. इंजिन गरम होते न होते तोच बंद झाले, की ही सफाई अर्धवट राहते. त्यासाठी वाढीव फवारलेल्या डिझेलपैकी काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो, आणि वारंवार असे झाले की शेवटी दिवा लागतो व गाडी ताकद आवरून घेते. तासन्‌तास लो रेंजमध्ये रांगणेही या फिल्टरला मानवत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने लिफ्टवरच्या एका गाडीचा फिल्टर दाखवून, ही गाडी फक्त गावातल्या गावात फिरते, एवढेच सांगितले. (सफाई चालू असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये, ही सूचना त्यानेच दिली; पेट्रोलचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) तितकाच तापू शकतो, हे माझे मीच वाचले.)

पाण्यातून जाण्याचा मुद्दा मी फार ताणला नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतात हा फायदा आहे, पण हवेच्या वाटेने पाणी आत शिरले तर कोणतेच इंजिन वाचत नाही आणि कनेक्टिंग रॉड दोन्हींत वाकतात. उंचीवर मात्र विनाटर्बो पेट्रोल मार खाते : दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते. मला फार उंचावर जायचे नव्हते, म्हणून ते मी मान्य केले.

मी पेट्रोल घेतले. त्याबरोबर आलेली एक जबाबदारी डिझेलवाल्यांना तितकीशी नसते, ती जादा इंधन नेण्याची. डिझेलची वाफ साधारण ५० अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते, तर पेट्रोलची उणे ४० अंशांनाही होते. त्यामुळे कॅन धातूचा आणि घट्ट झाकणाचा घेतला, तो गाडीच्या आत न ठेवता मागच्या दाराबाहेरच्या चौकटीत बसवला आणि उन्हात पेट्रोल फुगते म्हणून कधीच काठोकाठ भरत नाही. भरताना तो खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.