काँटेसा ठेवली असती तर म्हणे...

आमच्या जळगावात केळीचे पैसे हातात आले की माणूस सराफ बाजार बघतो नाहीतर शेत, जुनी गाडी जपून ठेवायचं कोणाच्या डोक्यात येतंय. आणि आता ओट्यावर बसलं की एकच रडगाणं, आप्पांची काँटेसा कार भंगारात गेली, मामांनी यामाहाची आरएक्स १०० बाईक कवडीमोल विकली, आज असती तर लाखात गेली असती!

भो, हिशोब तर पूर्ण करा ना. २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ सालची ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली, पण तशा बनल्याच होत्या दोन. काँटेसा १९८४ पासून २००२ पर्यंत बनत होती. त्यात आपलं ऊन, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, दारांची रबरं तडकतात, डॅशबोर्डला भेगा पडतात, शेड नसेल तर गाडी उभ्या उभ्याच संपते, आणि पार्ट शोधायचे तर वेगळीच वणवण. सरकारच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी, नवी नोंदणी २० हजार, वर ती रोज रस्त्यावर काढायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. म्हणजे आप्पांची काँटेसा अगदी पहिल्या लॉटमधली असती तरी २०३४ पर्यंत थांबा.

सोन्याला ना शेड लागतं ना इन्शुरन्स... आरएक्सची हळहळ मात्र मलापण आहे बरं का, पण ती पैशाची नाही, त्या टू-स्ट्रोक आवाजाची.