आधी बॅनर बघते, मग बाकीचं

सिनेमा निवडताना बहुतेक जण हिरो कोण, डायरेक्टर कोण, रेटिंग किती एवढं बघतात, मी आधी बॅनर बघते, म्हणजे सिनेमा कुठल्या स्टुडिओचा आहे ते. ट्रेलर तर शक्यतो टाळतेच, कारण हल्ली दोन-अडीच मिनिटांत अर्धी गोष्ट सांगून मोकळे होतात. आवडत्या स्टुडिओचं नाव असलं की गोष्ट कशावर आहे हेही माहीत नसताना मी जाऊन बसते आणि तसं बघण्यातच मला खरी मजा येते.

यावर लगेच कुणीतरी म्हणतंच की स्टुडिओ थोडाच सिनेमा करतो, सिनेमा डायरेक्टरचा असतो. मला हे अर्धंच पटतं. एकाच छताखाली तीच माणसं वर्षानुवर्षं काम करत असली ना, की त्या जागेचीच म्हणून एक शिस्त तयार होते आणि ती पडद्यावर दिसते.

आपल्या प्रभात फिल्म कंपनीचंच घ्या. 1929 साली कंपनी निघाली, पाच भागीदार, आणि त्यातले बहुतेक स्वतः कामाला भिडणारे, म्हणजे शांताराम दिग्दर्शनात, दामले साउंडमध्ये, फत्तेलाल कलादिग्दर्शनात, धायबर कॅमेऱ्यामागे. नटांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळे पगारावर, त्यामुळे एक सिनेमा संपला की हीच मंडळी पुढच्याला लागायची. 1936 चा 'संत तुकाराम' शांतारामांनी नाही तर दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलाय, आणि तरी तो आतून बाहेरून प्रभातचाच आहे! गाणं मध्येच घुसवल्यासारखं वाटत नाही, ते त्या माणसाच्या बोलण्यातूनच सुरू होतं, आणि घर, अंगण, माणसांची वागणूक सगळं राहतं-वापरतं वाटतं. प्रभातच्या लोगोतली ती तुतारी फुंकणारी बाई पडद्यावर आली की लोक निर्धास्त बसायचे ते याच्या जिवावर. पण 1942 ला शांताराम बाहेर पडले, त्यांनी राजकमल ही स्वतःची कंपनी काढली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रभात बंदच झाली. तुतारी शेवटपर्यंत तीच होती, माणसं मात्र पांगली होती.

म्हणून मी नावासोबत आत कोण आहे तेही बघते.

जपानच्या घिबली या ॲनिमेशन स्टुडिओवर माझा जीव आहे तो याचसाठी. 1985 ला मियाझाकी आणि ताकाहाता हे दोन दिग्दर्शक आणि निर्माते सुझुकी यांनी ती उभी केली. जपानमध्ये ॲनिमेटरला तेव्हा सर्रास चित्रामागे पैसे मिळायचे, म्हणजे जितकी चित्रं तितकी कमाई, मग वाऱ्याने गवत कसं हलतं हे बघत कोण बसणार? थोडं यश आल्यावर घिबलीने ॲनिमेटर कायम पगारावर घेतले, शिकाऊ मुलं घेऊन तयार केली. त्यांच्या सिनेमात एखादी मुलगी बूट घालते तेव्हा पाय आत सरकवून मग पुढचं टोक जमिनीवर दोनदा आपटते, गोष्टीला त्याची काही गरज नसते, पण कुणीतरी बसून ते प्रेमाने काढलेलं असतं.

अमेरिकेतल्या पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचं वेगळं. तिथे कच्चा सिनेमा स्टुडिओतल्या बाकीच्या डायरेक्टरना दाखवतात, ते काय जमत नाहीये ते तोंडावर सांगतात, मात्र ऐकायचं की नाही हे ज्याचा सिनेमा त्याने ठरवायचं. मला ही पद्धत फार आवडते. शेवटच्या श्रेयनामावलीत सिनेमा बनत असताना स्टाफच्या घरी जन्मलेल्या बाळांची नावंसुद्धा असतात, त्यासाठी मी दिवे लागले तरी उठत नाही.

आता एक गोष्ट जी बरेच जण बघत नाहीत. सुरुवातीला तीन-चार लोगो येतात, त्यातला सिनेमा बनवणारा कोण आणि नुसता विकत घेऊन रिलीज करणारा कोण हे वेगळं असू शकतं. ए24 या अमेरिकन कंपनीचं नाव लोक स्टुडिओ म्हणून घेतात, पण 2012 ला सुरू झाली तेव्हा ती वितरणच करायची, दुसऱ्यांनी बनवलेले सिनेमे घ्यायची, स्वतःची निर्मिती नंतर आली. तिच्यावर विश्वास टाकायचा तर तो निवड करणाऱ्याच्या नजरेवर. तोही मी टाकते, फक्त तिथे सगळे सिनेमे एका जातकुळीचे असतील अशी अपेक्षा धरत नाही, एक हॉरर, एक घरगुती, एक अगदीच चक्रम असं काहीही निघतं आणि त्यातच गंमत आहे.

घिबलीचं मात्र मनात आहे. ताकाहाता 2018 मध्ये गेले, मियाझाकी ऐंशीच्या पुढे आहेत आणि 2023 मध्ये कंपनी निप्पॉन टीव्ही या जपानी टीव्ही कंपनीच्या छत्राखाली गेली. पुढचा सिनेमा जाहीर होईल तेव्हा तोतोरो या त्यांच्याच सिनेमातल्या प्राण्याचा तो निळा लोगो असेलच, पण मी चित्रं काढणाऱ्यांची नावं आधी वाचणार, जुन्यांपैकी कोण उरलंय, त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं अजून तिथेच आहेत का, आणि ती असतील तर डायरेक्टर अगदी नवखा असला तरी पहिल्या दिवशी पहिला शो.