सिलॉजिझम समजून घेताना : माझा अनुभव

बँकेच्या लिपिक भरतीची पूर्वपरीक्षा द्यायचं ठरलं आणि मी लातूरला अभ्यासिका लावली. रिझनिंगचे ३५ प्रश्न, वेळ २० मिनिटं. कोडी आणि बैठक व्यवस्था सरावानं सुटायला लागली, पण सिलॉजिझम अडून बसलं. दोन-तीन विधानं, खाली निष्कर्ष, कोणता निघतो ते ओळखायचं. नोट्समध्ये 'सर्व अधिक काही, निष्कर्ष नाही' अशी सूत्रं होती. ती पाठ होत होती, पण असं का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी कला शाखेतल्या एका मैत्रिणीचं बारावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक आणलं आणि पहिल्यापासून वाचायला बसले.

सगळ्यात आधी हे कळलं की इथं विधान खरं की खोटं, हे कुणी विचारलेलंच नसतं. सर्व दगड फळं आहेत, सर्व फळं गोड आहेत, म्हणून सर्व दगड गोड आहेत. यातलं एकही विधान खरं नाही, तरी युक्तिवाद वैध आहे. आधारविधानं खरी धरली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, एवढीच वैधतेची अट.

याची उलट बाजू मला जास्त जड गेली. सगळे आंबे झाडाला लागतात, केसर झाडाला लागतो, म्हणून केसर हा आंबा. तिन्ही विधानं खरी! आमच्याकडं केसर आंबा आहे हे पोरासोरांनाही ठाऊक, त्यामुळे मन लगेच 'बरोबर' म्हणतं. आता केसरच्या जागी सीताफळ ठेवा. साचा तोच, आणि सीताफळाचा आंबा झाला. केसर आंबा आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं. या दोन विधानांमधून ते निघालेलं नाही. प्रश्न सोडवताना स्वतःला ठाऊक असलेलं बाजूला ठेवणं, हेच या प्रकरणातलं खरं काम आहे असं मला वाटतं.

पुस्तकात त्याचं कारणही होतं. 'झाडाला लागणं' हे दोन्ही आधारविधानांत येणारं पद, म्हणजे मध्यपद. त्यानंच बाकीची दोन पदं जोडायची असतात. त्यासाठी निदान एका विधानात तरी ते पद त्याच्या पूर्ण वर्गाबद्दल बोलणारं हवं, म्हणजे व्याप्त हवं. 'सर्व आंबे झाडाला लागतात' हे सगळ्या आंब्यांबद्दल बोलतं, झाडाला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंबद्दल नाही. दुसऱ्या विधानातही तेच. मध्यपद दोन्हीकडे अव्याप्त राहिलं की जोड बसत नाही.

हे डोक्यात असतानाच आमच्या चुलत्यांशी पीकविम्यावरून बोलणं झालं. सोयाबीन पाण्यात गेलं होतं. ते म्हणाले, "ज्याला ज्याला विमा मिळाला त्यानं ७२ तासांत कळवलं होतं. म्याबी कळवलंय. मिळंलच की." मी वहीवर 'कळवणारे' असं मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत 'विमा मिळालेले' असं लहान, आणि विचारलं, "आण्णा, तुमचा ठिपका कुठं देऊ?" ते बराच वेळ बघत राहिले. "मोठ्यात हाय खरं, पण ल्हान्यात हाय का नाही, ह्यावरनं कसं कळंल?" प्रश्न त्यांनी अचूक पकडला. मग पंचनाम्याचं काय झालं, त्याची चौकशी करायला ते दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेले.

हे शास्त्र ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात बांधलं. विधानांचे चार प्रकार ('सर्व', 'एकही नाही', 'काही' आणि 'काही नाहीत'; युक्तिवादातलं प्रत्येक विधान यातल्या कोणत्याही प्रकारचं असू शकतं) आणि मध्यपदाच्या जागेवरून पडणाऱ्या चार आकृती (त्यानं स्वतः तीनच मानल्या होत्या, चौथी मागून आली) धरल्या तर एकूण २५६ साचे होतात. त्यातले फक्त १५ बिनशर्त वैध. प्रत्येक वर्गात निदान एक तरी वस्तू आहे असं गृहीत धरलं तर २४. 'सर्व अ ब आहेत' यावरून 'काही ब अ आहेत' हा निष्कर्ष बँकेच्या परीक्षेत बरोबर धरतात, तो याच गृहीतकावर.

न्यायदर्शन म्हणजे तर्काचा विचार करणारं आपलं जुनं तत्त्वज्ञान; त्यातलं अनुमान वाचताना मला फार आनंद झाला. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच पावलं: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथं धूर तिथं आग, जशी स्वयंपाकघरात, तसाच धूर इथं आहे, म्हणून आग आहे. बालाघाटाच्या डोंगरावर धूर दिसला की आमच्याकडंही माणूस असाच बोलतो. फरक महत्त्वाचा आहे. नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याला, उदाहरण खरं लागतं, कारण त्याला समोरच्याला पटवून खरं ज्ञान द्यायचं असतं. दगडाचं फळ त्याच्यापुढं टिकणार नाही.

पूर्वपरीक्षा निघाली. आता अभ्यासिकेतल्या नव्या मुलींना मी हे प्रकरण 'काही' या शब्दापासून शिकवते. बोलताना 'काही जण आले' म्हटलं की बाकीचे आले नाहीत असं आपण धरतो. इथं 'काही' म्हणजे निदान एक, आणि सगळेही असू शकतात. हे पक्कं झालं की 'काही अ ब आहेत' आणि 'एकही अ ब नाही' यातलं एक खरं असणारच, हे त्यांना वर्तुळाशिवाय दिसतं, आणि 'यापैकी एक निष्कर्ष निघतो' हा पर्याय कुठं निवडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.