आधी गॅस, मग बाकीचं

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोल्ड्रिंकच्या कारखान्यात क्वालिटीला लागलो. आजीने पहिलं विचारलं, "दिवसभर फुकट प्यायचं काम का रं?" पण लॅबच्या रजिस्टरवर सही करायची परवानगी मिळेपर्यंत प्यायला कमी आणि बाटल्या हलवायलाच जास्त लागल्या.

सगळा खेळ क्रमाचा. लाइनवरून बाटली आली की आधी गॅस. झाकणातून सुई घालायची, वरचा दाब क्षणभर सोडायचा, व्हॉल्व्ह बंद करून बाटली दणकून हलवायची. गेजचा काटा स्थिरावला की दाब लिहायचा आणि लगेच आतलं तापमान बघायचं. दोन्ही तक्त्यात जुळवलं की गॅसचा आकडा. कोलाला साधारण साडेतीन ते चार व्हॉल्यूम, म्हणजे लिटरभर पेयात तेवढे लिटर वायू. हाताच्या उबेनंही तापमान सरकतं, म्हणून सर बाटली मानेलाच धरायला लावायचे.

मग उरलेला गॅस पूर्ण घालवायचा. नाहीतर हायड्रोमीटरला (घनता मोजणारी तरंगती नळी) बुडबुडे चिकटतात, तो वर उचलला जातो आणि ब्रिक्स चुकतं. (१० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम साखर.) आम्लताही फसवते, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल म्हणूनच मोजला जातो. आम्ल मोजायला अल्कली घालत जायची; आम्ल संपलं की फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन गुलाबी होतं. लिंबाच्या पेयात तो रंग दिसतो. काळ्या कोलात काय डोंबल दिसणार? तिथे पीएच मीटर. पीएचची कल्पना १९०९ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. हे आजीला सांगितलेलं नाही.

पाण्याचं कौतुक कुणालाच नसतं, पण त्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारायची ताकद, वाढली की ते पेयातलं आम्ल खातं आणि चव पांचट होते.

परत आलेल्या काचेच्या बाटल्या कॉस्टिक सोड्याने धुतात. धुतलेल्या बाटलीच्या तळच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं, म्हणजे कॉस्टिक उरलं, की लाइन बंद. टार्गेटवाला डोक्यावर उभा असताना हे सांगायला छाती लागते. माझ्या मते क्वालिटीचं खरं काम तेवढंच, बाकी आकडेमोड कुणीही शिकतो.

शेवटी सरांनी लेबल नसलेल्या बाटल्या तपासायला दिल्या. मग तीन ग्लास ठेवले, दोन सारखे, एक वेगळा. त्याआधी चहा बंद, बडीशेपसुद्धा नाही. वेगळा ग्लास ओळखला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "सोमवारपासून सेकंड शिफ्टला तुझी सही."

त्याच आठवड्यात थेंब गुलाबी आला. लाइन थांबवली. प्रोडक्शनवाले अजून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसत नाहीत.