चौथ्या थरातलं खापर

मराठवाड्यातल्या एका पांढरीच्या टेकाडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यावर, काही दशकांपूर्वी उत्खनन झालं होतं. सातवाहन काळातलं व्यापारी शहर. भाजक्या विटांची घरं, मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी, शिशाची नाणी, शंखाच्या बांगड्या, अकीकाचे मणी, सगळं यथास्थित निघालं. त्यातली खापरं नव्यानं तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातल्या एका पिशवीनं मला अजून सोडलेलं नाही. आतल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : अँफोरा, रोमन, थर ४. तुकडे आठ-दहा.

अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राकडची, दोन कानांची आणि निमुळत्या बुडाची वाहतुकीची घागर. नेहमीच्या मापाच्या एका घागरीत साधारण २६ लिटर दारू मावे. पुरातत्त्वज्ञ व्हीलरनं १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला खणल्यापासून हा प्रकार आपल्याकडे फार लाडका झाला. जाडसर आणि आतून काळं असं काही हाती आलं की ते अँफोरा, आणि अँफोरा म्हणजे रोम, असं समीकरणच बसलं. २००७ साली खापरांच्या अभ्यासक रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातले असे तुकडे पुन्हा तपासून दाखवलं की त्यातले बरेच रोमन नाहीत. ते इराणच्या आखाताकडून, मेसोपोटेमिया आणि इराणच्या भागातून आलेले टॉर्पेडो रांजण आहेत. हे छापून इतकी वर्षं झाली, तरी जुन्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत आणि त्यांच्या भरवशावर नवे नकाशे निघतात, याचा मला मनापासून राग येतो.

टॉर्पेडो रांजणाला कान नसतात आणि मानही नसते. जाड गोलसर कड, नळकांडी अंग, टोकदार बूड. कड किंवा कान हाती असेल तर वाद दोन मिनिटांत मिटतो. माझ्या पिशवीत मात्र दोन कान सोडले तर सगळे अंगाचेच तुकडे होते, आणि तेवढे उरले हेही नशीबच. जुन्या उत्खननांतली पद्धत अशी : धुतलेली खापरं पॉटरी यार्डात थराप्रमाणे आखलेल्या चौकोनांत पसरायची, कडा, बुडं आणि नक्षीचे तुकडे निवडायचे, आणि उरलेल्या अंगाच्या तुकड्यांची संख्या वहीत टिपून ते तिथेच टाकून यायचं. ठेवायला जागा नाही, गोण्या नाहीत, ट्रकच्या भाड्याची तरतूद नाही, ही कारणं खरीच आहेत. पण मोठ्या रांजणाच्या तुकड्यांत कडेचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि बाकीचे सगळे अंगाचे. परदेशी रांजण ओळखायचा तो त्याच्या मातीवरून आणि आतल्या लेपावरून. म्हणजे आयात मोजायला जे लागतं, नेमकं तेच टाकलं गेलं. नंतर आपण म्हणतो, आतल्या शहरांत परदेशी माल तुरळकच दिसतो.

दोन कान चांगले होते. जोडकान्याचे, म्हणजे दोन गोल दांड्या चिकटवून केलेले, आणि माती काळ्या चमकदार कणांनी भरलेली. हे कण नेपल्सच्या आखाताभोवतालच्या ज्वालामुखीच्या वाळूचे, हे पुस्तकात वाचून कुणीही सांगेल. दख्खनमध्ये हीच खूण फसवी ठरते. आपला बसाल्टही ज्वालामुखीचाच. त्यातही ऑजाइट हे काळं खनिज असतं आणि नदीकाठची माती वापरणाऱ्या इथल्या कुंभाराच्या रांजणातही ते काळे कण उतरतात. भिंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो पातळ छेदात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापात. खापराची चकती हिऱ्याच्या पात्यानं कापायची, इपॉक्सीत मुरवायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीवर ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासायची. जाडी मोजायला यंत्र लागत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या आडव्या-उभ्या ध्रुवकांत, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये, क्वार्ट्झचा कण राखाडी किंवा फिकट पांढरा दिसला की थांबायचं. पिवळा दिसत असेल तर अजून जाड आहे. शेवटच्या काही फेऱ्यांत घाई केली तर पूर्ण छेद निघून जातो आणि खापर पुन्हा कापायला परवानगी मिळत नाही. इटलीच्या मातीत ऑजाइटबरोबर सानिडिन नावाचा स्फटिक सापडतो. आपल्या नेहमीच्या बसाल्टात तो नसतो. तिथे प्लाजिओक्लेजचे पट्टेदार स्फटिक आणि मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे अपारदर्शक ठिपके दिसतात. दोन्ही कानांत सानिडिन होता. ते रोमन खरे. पिशवीतले तीन-चार तुकडे इथल्याच साठवणीच्या रांजणांचे निघाले.

उरलेल्यांत हे एक खापर. तळहाताएवढं, फिकट पिवळसर-गुलाबी, बाहेरून रेतीचा स्पर्श. आतून चाकाच्या बारीक सऱ्या आणि त्या सऱ्यांच्या खोबणीत काळा, चकचकीत थर. पृष्ठभागावरचा बाकी लेप घासून गेलेला. धुताना गेला, यात शंका नाही. खापरं धुणाऱ्या बायका ब्रश जोरात चालवतात, कारण काळं म्हणजे काजळी आणि काजळी काढायची, असं त्यांना वाटतं. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. हे सांगायचं काम खड्ड्यावर देखरेख करणाऱ्याचं, आणि तो बहुतेक वेळा नाण्यांच्या मागे असतो. खरं तर ओळख सोपी आहे. काजळी चुलीवरच्या भांड्याला बाहेरून धरते आणि बोटाला लागते. हा लेप आतून असतो, बोटाला लागत नाही, आणि भिंगाखाली काकवीसारखे गोठलेले ओघळ दिसतात.

माती आधी पाहिली. दहा टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की चुनखडीयुक्त माती फसफसते आणि मेसोपोटेमियाची गाळमाती तशी असते. पण काळ्या जमिनीत पुरलेल्या खापरावर कंकराचा चुना बाहेरून बसतो, आणि मग इथलं खापरही फसफसतं. म्हणून थेंब टाकायचा तो ताज्या तुटक्या कडेवर. पक्कडीनं अगदी टवका काढून, बाहेरच्या अंगावर कधीच नाही. ताजी कडही फसफसली. छेदात क्वार्ट्झची बारीक वाळू भरपूर दिसली आणि बसाल्टचा एक कणही नव्हता. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात बसाल्टशिवाय दुसरा खडक नाही. तिथल्या कुंभारानं असं भांडं करणं मला शक्य वाटत नाही.

मग लेप. रोमन घागरी आतून पाइनच्या राळेनं लेपत, टॉर्पेडो रांजण नैसर्गिक डांबरानं. दोन्ही काळे पडतात, नुसत्या डोळ्याला कळत नाही. राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, डांबर जवळजवळ नाही. कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून कडेला टेकवला, बोळा कोरा निघाला. क्लोरोफॉर्म लावल्यावर गडद तपकिरी झाला. त्यानंतर चिमूटभर लेप धातूच्या पात्यानं काढून काचेच्या कुपीत ठेवला आणि वायू-वर्णलेखनाला, म्हणजे पदार्थातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तपासणीला, पाठवला. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना ठेवला तर प्लास्टिकमधली थॅलेट ही रसायनं त्यात उतरतात आणि आलेखावर नको तिथे शिखरं उभी राहतात. चिठ्ठी चिकटवायला खापराला नेलपॉलिश लावायची जुनी सवय तर त्याहून वाईट. माझं नशीब की या तुकड्यावर अंक बाहेरच्या बाजूला होता. आलेखात होपेन आणि स्टेरेन आले, म्हणजे खनिज तेलाच्या कुळातला पदार्थ. राळेचं डिहायड्रोअॅबिएटिक आम्ल नव्हतं. हा टॉर्पेडो रांजण आहे, याबद्दल मला आता शंका नाही.

माझी झोप उडाली ती यानंतर. टॉर्पेडो रांजणांचा मुख्य काळ इराणच्या सासानी घराण्याचा आणि सुरुवातीचा इस्लामी, म्हणजे ढोबळमानानं इ. स. च्या तिसऱ्या शतकापासून नवव्या शतकापर्यंतचा. थर ४ मध्ये त्याआधीच्या सातवाहनांची शिशाची नाणी आहेत. मग हे खापर तिथे कसं? जुन्या वहीतला खड्ड्याच्या भिंतीतल्या थरांचा आराखडा काढून पाहिला. खड्ड्याच्या कोपऱ्यात वरच्या, म्हणजे नंतरच्या, थर २ मधून खणलेली एक खाच थर ४ पर्यंत उतरलेली स्पष्ट दाखवली आहे. चित्रकारानं ती अगदी नेटकी रेखाटली आहे. पण त्या खाचेतली माती वेगळी काढलेली नाही, तिची पिशवी वेगळी केलेली नाही. जे निघालं ते 'थर ४' म्हणून गेलं. कागदावर खाच आहे, पिशवीत नाही.

डांबराचं कार्बन-१४ करून उपयोग नाही. ते खनिज, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. खापराचं ऊष्मादीप्तीनं, म्हणजे तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून, वय काढता येतं, पण त्यासाठी खापर ज्या मातीत होतं तिचा किरणोत्सार माहीत हवा आणि ती माती कुणी मूठभरही ठेवलेली नाही. शेजारच्या थराची माती धरून हिशेब केला तर अंतर इतकं मोठं येतं की दुसरं शतक आणि पाचवं शतक दोन्ही त्यात बसतात.

आणि याच दोन शतकांच्या मध्ये सगळा वाद आहे. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९८७ साली मांडलं की दूरचा व्यापार आटल्यावर तिसऱ्या-चौथ्या शतकापासून भारतातली शहरं ओस पडू लागली. दख्खनच्या बाबतीत ही मांडणी रोमन व्यापाराला घट्ट बांधली गेली : रोम आलं, शहरं फुलली, रोम थांबलं, शहरं संपली. हे खापर थर ४ चं असेल, तर सातवाहनांच्या भरात आखातातून माल येत होता. ते त्या खाचेचं असेल, तर जिथे शहर संपलं म्हणून आपण लिहितो, त्याच जागी कुणीतरी आखातातला रांजण फोडत होतं. दोन्ही उत्तरांत रोम एकटं उरत नाही.

खरं तर हे लिखित साधनात आधीपासून आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी व्यापारवर्णनात भडोचला इटलीची दारू येते हे सगळे उद्धृत करतात. त्याच मजकुरात अपोलोगोस आणि ओम्माना या आखाताकडच्या बंदरांतून भडोचला मोती, जांभळा रंग, दारू, भरपूर खजूर, सोनं आणि गुलाम येतात, ते वाक्य कुणी वाचत नाही. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपलं तेर, तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर, हेही त्यातच आहे. पैठणहून अकीक जायचा, तगरहून कापड, तेही गाड्यांतून. गाड्या रिकाम्या परतत नसणार. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीची, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची मूर्ती सुंदरच आहे, पण एका मूर्तीपुढे सगळे थबकतात आणि डांबर लागलेली खापरं गोण्यांतच राहतात.

घारापुरीला आणि संजाणला हे रांजण मिळाले, त्यात नवल नाही, ती किनाऱ्यावरची ठिकाणं. घाट चढून इतक्या आत ठिसूळ, जड रांजण कुणी आणला असेल? नाणेघाटानं जुन्नरकडून, की भडोचहून गाडीवाटेनं? दारू बंदरावरच कातडी पखालीत ओतून रिकामे रांजण पाण्यासाठी पुढे विकले जात असतील, असंही होऊ शकतं, आणि मग आतल्या शहरात खापर मिळणं म्हणजे दारू मिळणं नव्हे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, एका खापरावर अर्थव्यवस्था उभी करू नका. पटलं. पण मग दोन कानांवर उभी केलेली रोमची पेठही त्याच न्यायानं तपासायला हवी, हे त्यांना पटायला वेळ लागला.

टेकाडाची तीच बाजू पुन्हा खणून खाच तपासता आली असती. आता तिथे टेकाडच राहिलेलं नाही. पांढरी माती शेतात टाकायला ट्रॅक्टरनं गेली. शेतकऱ्याला दोष द्यायची माझी इच्छा नाही. संरक्षित म्हणून फलक लावायचा आणि कुंपण घालायचं नाही, हे ज्यांनी केलं त्यांना द्यावा लागेल.

उरलंय एवढंच की त्याच खड्ड्याशेजारच्या चौकोनातल्या काही गोण्या यार्डात न निवडताच भांडारात आल्या होत्या. कडा-बुडं काढलेली नाहीत, अंगाचे तुकडे जागच्या जागी आहेत, आणि चिठ्ठ्यांवर थर २ आहे. त्या पाण्याला लावायच्या नाहीत, कोरड्या मऊ ब्रशनं झाडायच्या आणि आतून काळा दिसणारा प्रत्येक तुकडा बाजूला काढून माझ्याकडे द्यायचा, असं भांडाराला लेखी कळवलं आहे. नोंदवहीत जुनी ओळ खोडलेली नाही. तिच्याखाली लिहिलं : टॉर्पेडो रांजण, अंगाचा तुकडा, आत डांबर, थर ४ किंवा थर २ ची खाच.