गाठीच्या भोकातलं खानापूर

१९७९ साली मी आठवीला या शाळेत आलो आणि १९८२ साली एस.एस.एल.सी., म्हणजे दहावी, होऊन बाहेर पडलो. स्मरणिकेसाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे आधी उभं राहिलं ते शाळेच्या वाटेवरचं एक दुकान. आमचे विज्ञानाचे सर आणि ते दुकान मला वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा पाऊस खानापूरकरांना सांगायला नको. त्या दुकानात मुख्य काम छत्र्यांचं. कापड काढलेल्या छत्र्यांचे सांगाडे आढ्याला लटकलेले असत. त्यांच्या खाली स्टोव्हचे बर्नर, कुलपं, बॅटऱ्या, कंदिलाच्या काचा. पाटी अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. दुकानाचे तात्या मोजकंच बोलत, पण पोरांना कधी हाकलत नसत.

जानेवारीतल्या एका दुपारी आईनं स्टोव्हचा वायसर बदलायला मला पाठवलं. काम होईपर्यंत मी दुकानात चुळबुळ करत होतो. तात्या मान वर न करता म्हणाले, “माडीवर जा की. दार ओढून घे अन् गप्प बस बघ. डोळ्याला सवय झाली पाहिजे.”

वर तक्तपोशीची खोली होती, मिट्ट काळोखाची. मिनिटभर काही दिसेना. मग समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हिरवं काहीतरी सरकलं. लुगडं! एक बाई डोकं खाली, पाय वर अशी चालत होती. तिच्यामागून कौलांनी भरलेली बैलगाडी आली, तीही उलटी. चाकं वर, बैलांची शिंगं जमिनीकडे. सगळा बाजाररस्ता रंगांसकट भिंतीवर चालत होता. खालून घुंगरांचा आवाज यायचा आणि डावीकडून आलेली गाडी भिंतीवर उजवीकडून यायची. रस्त्याकडच्या फळीतली एक गाठ निखळून पडली होती आणि त्या बोराएवढ्या भोकातून हे सगळं आत येत होतं. वायसर कधीच बसला होता. मी खाली उतरलो तो दिवेलागणीला, भिंतीवरचा रस्ता विझल्यावर.

मग मी रोज जाऊ लागलो. सकाळी चित्र फिकं असे. दुपारनंतर समोरच्या घरांवर ऊन पडलं की ते भरून येई. हे माझं मीच शोधलं, याचा आनंद मला अजून आठवतो.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून, अंकोल्याकडून रायचूरवरून पुरी-कोणार्ककडे गेला. आपल्याकडे खंडग्रासच, पण सूर्याची बारीक कोर तेवढी उरली. शाळा सकाळची होती. घरी आईनं पाण्याच्या घागरीत तुळशीपत्र टाकलं होतं आणि कुणी बाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. मी परसातून निसटलो. आईला हे पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तात्यांनी एकच फळी उघडी ठेवली होती. माडीवर रस्ता दिसला, पण ओस. माणूस नाही, गाडी नाही, आणि उजेड आटत चाललेला. तेवढ्यात तात्यांनी खालून हाक मारली. मागच्या सोप्यात कौलांच्या फटींतून कवडसे पडत. एरवी ते गोल असत. त्या दुपारी जमिनीवर, पिंपावर, तात्यांच्या धोतरावर पन्नासएक चंद्रकोरी पडल्या होत्या. मी हात पुढे केला, तर तळव्यावरही कोर.

सोमवारी मी सरांना विचारलं, “फटी तर वेड्यावाकड्या आहेत, मग कवडसे गोल कसे? आणि त्या दिवशी कोरी कशा?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “दुकान कुठंय ते दाखव.”

चार वाजता आम्ही सात-आठ जण त्यांच्यामागून गेलो. सरांनी पुठ्ठ्याला तिकोनी भोक पाडून सोप्यातल्या एका फटीखाली धरलं. कवडसा गोलच पडला. “हा फटीचा आकार नाही रे,” ते म्हणाले, “हा सूर्य आहे. शनिवारी सूर्यच कोरीएवढा होता.” मग दोरीनं फटीपासून कवडशापर्यंतचं अंतर मोजायला लावलं. दहा फूट भरलं. कवडशाखाली दुसरा पुठ्ठा उन्हाला काटकोनात धरला, तर गोल जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. सूर्य आपल्यापासून त्याच्या रुंदीच्या शंभराहून थोडा जास्त पट दूर आहे, आणि फटीपासूनचं अंतरही कवडशाच्या रुंदीच्या तितकेच पट असतं, हे आम्ही त्या सोप्यात गुडघ्यावर वही ठेवून सोडवलं. भागाकाराचा इतका उपयोग मला तोवर कुणी दाखवला नव्हता.

शेवटी सर माडीवर गेले. आम्हाला खालीच थांबवलं. बराच वेळ उतरले नाहीत. उतरले तेव्हा चप्पल हातातच होती.

“तात्या, किती वर्षं झाली हे?”

“गाठ पडली तवापासून,” तात्या छत्रीची काडी सरळ करत म्हणाले. “लांबीचा लगदा भरून भोक बुजवायला म्हणून वर गेलो होतो. तसाच उतरलो बघा.”