चालत नसलेला राउटर

वाईत मधल्या आळीतल्या एका वाड्यात मी एकाच तक्रारीसाठी तीन खेपा घातल्या. तक्रार होती, ‘नेट येतंय-जातंय.’ ब्रॉडबँडच्या कामात याच्याइतकं डोकं उठवणारं वाक्य नाही. नेट बंदच पडलं तर ओएनटीवर, म्हणजे फायबर घेऊन घरात वायफाय देणाऱ्या डब्यावर, लाल दिवा लागतो, फायबर कुठं तुटली ते शोधायचं, जोडायची, काम संपलं. येतंय-जातंय म्हटलं की आपण पोचतो तेव्हा ते हमखास आलेलं असतं.

पहिल्या खेपेला सिग्नल मोजला. उणे १९, म्हणजे झकास. ओएनटीला गिगाबिटचा पोर्ट एकच. त्यातली वायर काढली, माझ्या लॅपटॉपची लावली आणि वेग पाहिला. १००च्या प्लॅनला ९८ मिळत होते. घरातल्यांना वायफाय बंद करून चालू करायला लावलं, सगळ्यांचे फोन चालू. काढलेली वायर जागेवर लावली, चहा घेतला आणि निघालो. रात्री परत फोन.

दुसऱ्या खेपेला तेच. या वेळी ओएनटीची पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी वायर, बदलली, दीडशे रुपये घेतले आणि खापर उंदरावर फोडलं. जुन्या वाड्यात उंदीर असतातच, त्यामुळं कुणी वाद घातला नाही. दोन्ही वेळा वहिनींना विचारलं होतं, “घरात नवीन काही लावलंय का?” दोन्ही वेळा उत्तर एकच, “नाही हो, काही नाही.”

तिसऱ्या दिवशी गेलो तर नाना ओटीवर माझीच वाट बघत बसले होते. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. हातात कॅलेंडरचं फाडलेलं जुनं पान, त्याच्या पाठीमागं पेन्सिलीनं आखलेला तक्ता. कुणाचा फोन, किती वाजता नेट गेलं, किती वाजता आलं.

“हे बघ,” नाना म्हणाले, “माझा टॅब एकदाही बंद पडला नाही. सूनबाईचा फोन एकदाच, देवळातून आल्यावर. चिरंजीवांचा रोज, बँकेतून आल्यावर. जो उंबऱ्याबाहेर जाऊन येतो, त्याचंच नेट जातं. तुझा उंदीर माणसं ओळखतो काय?”

मी काय बोलणार? काका, म्हणजे नानांचे चिरंजीव, नुकतेच घरी आले होते आणि फोनवर वायफायच्या पूर्ण कांड्या असूनही नेट नव्हतं. त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये वायफायचा पत्ता, म्हणजे जाळ्यात फोनला मिळालेला आकड्यांचा आयपी पत्ता, उघडला. १९२.१६८.०.१०३. आमचा ओएनटी देतो ते सगळे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होतात. हा ‘०’वाला पत्ता त्यानं दिलेलाच नव्हता. म्हणजे या घरात पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी होता.

फोन वायफायला जोडला जातो तेव्हा तो घरभर ओरडून विचारतो, मला पत्ता कोण देतं? जो आधी उत्तर देईल त्याचं तो ऐकतो. लग्नात पंगतीला जागा दाखवायला दोघं उभे असावेत, एक जेवणाच्या मांडवात नेतो आणि दुसरा अशा खोलीत बसवतो की पानं मांडलीत, पाट आहेत, पण वाढायला कुणी येतच नाही, तसं ते. आणि एकदा ठरावीक मुदतीसाठी पत्ता मिळाला की ती मुदत अर्धी सरल्यावर फोन ज्यानं दिला त्याच्याकडूनच ती वाढवून घेतो, पुन्हा ओरडत नाही. नानांचा टॅब उशाशी चार्जिंगला, वायफाय सोडतच नव्हता. म्हणून तो वाचला. बाहेर जाऊन येणाऱ्याला मात्र दर वेळी नव्यानं नशीब काढावं लागे.

मग ती गिगाबिट पोर्टातली वायर डोळ्यांसमोर आली. वरच्या खोलीसाठी गेल्या वर्षी मीच ओढली होती. जिन्यावरून, झरोक्यातून. वर गेलो. नातवाच्या कपाटामागं एक नवाकोरा राउटर, दिवे लुकलुकतायत.

“वहिनी, हे काय?”

“अहो, तो बंद आहे! पोरानं मागच्या रविवारी आणला, पण चालतच नाही. पुण्याहून आला की बदलून आणणारे.”

खोटं त्या बोलल्याच नव्हत्या. त्यांच्या लेखी न चालणारी वस्तू म्हणजे नसलेलीच वस्तू.

पोराचं काही फार चुकलं नव्हतं. वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड, खालचं वायफाय वर पोचत नाही, पाच गिगाहर्ट्झवालं तर दाराशीच दम सोडतं. म्हणून त्यानं दुसरा राउटर घ्यायचं ठरवलं, ते बरोबरच. पण वायर बाहेरचं नेट घेणाऱ्या निळ्या पोर्टात न घालता घरातल्या जाळ्याच्या पिवळ्यात घातली. फोनवर विचारलं तर म्हणाला, “खाली पिवळ्यातनं निघते, म्हणून वर पण पिवळ्यात.” हा तर्क मी आजवर कितीदा ऐकलाय! पिवळ्यात घातल्यामुळं दोन्ही डबे एकाच जाळ्यात आले, आणि दोघंही वाटपाला बसले.

आता सगळ्यात लाज वाटली ती एका गोष्टीची. दोन्ही वेळा वेग मोजायला मी नेमकी हीच वायर काढली होती. रोगाला बाहेर काढायचं, रोगी ठणठणीत आहे म्हणायचं, आणि जाताना रोग परत आत बसवून यायचं.

राउटरचा पासवर्ड पोरानं फोनवर सांगितला नाही, “मेसेज करतो” म्हणाला. वाचल्यावर कळलं का ते, आणि नानांना दाखवला नाही. राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२५० केला, ओएनटीचं वाटप २००पर्यंतच ठेवलं म्हणजे टक्कर नको, आणि वरचं पत्ते वाटणं बंद केलं. वायर पिवळ्यातच राहू दिली. निळ्यात घातली असती तरी नेट चाललं असतं, पण वरचं आणि खालचं जाळं वेगळं झालं असतं, आणि वरच्या फोनवरचं खालच्या टीव्हीवर दाखवायला गेलं की टीव्ही सापडला नसता. असल्या वाड्यात एकच जाळं बरं. निळ्या पोर्टावर चिकटपट्टी लावली, नाहीतर पुढच्या सुट्टीत पोरगं ‘दुरुस्ती’ करणार.

काकांना आळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला लावलं. दोनदा. नेट राहिलं.

पॅचकॉर्डचे दीडशे रुपये काढून नानांच्या हातात ठेवले. ते नको म्हणाले नाहीत. पान मांडीवर घेऊन त्यांनी तारीख घातली, खाली लिहिलं, ‘तिसरी खेप. उंदीर निर्दोष. रु. १५० परत.’ आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

“सही कर.”